झाकली यादी सव्वा लाखाची

आमच्या घरी वाणसामानाची यादी करण्याचा अधिकार हिचा आणि ती यादी घेऊन वाण्याकडे जाण्याचं कर्तव्य माझं, अशी कामाची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात झाली. ती आजतागायत बदललेली नाही. ही पाठकोऱ्या कागदावर यादी लिहिते, कागदाच्या चार घड्या घालते आणि माझ्या खिशात कोंबते. मी दुकानात जाऊन कागद उलगडतो, वाचून दाखवतो आणि दोन पिशव्यांचा समतोल सांभाळत परत येतो.

एका दिवाळीच्या तोंडावर मात्र माझ्या हातून कागद अर्धाच उलगडला गेला. वरच्या अर्ध्यात बेसन, रवा, पोहे, शेंगदाणे एवढंच होतं. 'यंदा हिनं काटकसर केलेली दिसते,' असं मनाशी म्हणत, मोठ्या समाधानानं मी घरी आलो. हिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"साखर?"

"यादीत नव्हती."

"वेलदोडे? तूप? भाजणी?"

"नव्हती."

हिनं माझ्या खिशातून कागद काढला, उरलेली घडी उलगडली आणि माझ्या नाकासमोर धरली. साखर, वेलदोडे, तूप, भाजणी आणि आणखी नऊ जिन्नस तिथे सुखानं पहुडले होते.

"घडी उघडून पाहावी एवढंही कळू नये?"

"आत काही आहे असं वर कुठे लिहिलं होतं?"

"घडी दिसते म्हणजे आत काहीतरी असणारच! उगीच कोण घड्या घालत बसतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी निमूटपणे पुन्हा चपला घातल्या. पुढे हा प्रसंग मी विसरूनही गेलो. पण गेल्या वर्षी आमच्या बँकेनं तो मला पुन्हा आठवायला लावला.

आमच्या बँकेचं एक वेब ॲप्लिकेशन आहे. ग्राहकानं घरबसल्या कामं उरकावीत आणि शाखेत येण्याची तसदी घेऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. ग्राहक घरबसल्या ते उघडतो आणि त्यात नेमकं काय दाबायचं हे विचारायला शाखेत येतो. त्यात आमच्या सेवांची एक यादी होती. 'नवीन खाते उघडणे'पासून 'लॉकरची किल्ली हरवणे'पर्यंत एकूण बासष्ट ओळी, एकाखाली एक. मोबाइलवर ती यादी सरकवता सरकवता ग्राहकाचा अंगठा दुखायला लागे आणि शेवटच्या ओळीपाशी पोचेपर्यंत आपल्याला काय हवं होतं याचा त्याला विसर पडे. तक्रारी झाल्या. मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागानं मनावर घेतलं आणि एक दिवस तिथला एक चुणचुणीत मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्या शाखेत अवतीर्ण झाला.

"सर, आपण इथे एक कोलॅप्सिबल लिस्ट ॲड करतोय," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

मॅनेजरसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. काउंटरशी पाच-सहा ठेवीदार उभे होते. बँकेत 'कोलॅप्स' हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसतो हे त्या पोराला कोणी शिकवलेलं नव्हतं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि मग विचारलं, "काय कोसळतंय?"

काहीच कोसळत नव्हतं. कोलॅप्सिबल म्हणजे घडी होणारी. बासष्ट ओळींचे सात गट करायचे, प्रत्येक गटाला एक मथळा द्यायचा आणि ओळी मथळ्याखाली मिटवून ठेवायच्या. मथळ्यावर बोट टेकवलं की घडी उघडते, पुन्हा टेकवलं की मिटते. या प्रकाराला 'अकॉर्डियन' असंही म्हणतात, ही ज्ञानात भर मुलानं घातली. भाता ओढला की उघडतो, दाबला की मिटतो. फरक एवढाच की अकॉर्डियनमधून सूर निघतो आणि आमच्या यादीतून ग्राहक.

नवी यादी सगळ्यांसाठी खुली करण्याआधी प्रत्येक शाखेतल्या एकानं तिची चाचणी घ्यायची होती. "तुम्ही लेखक आहात, तुम्हीच अभिप्राय द्या," असं म्हणून साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. पाचपैकी तारे द्यायचे आणि खालच्या चौकटीत दोनशे अक्षरांत मत लिहायचं. मी चहा निवेपर्यंत, म्हणजे साधारण चार मिनिटं, ती यादी उघडमीट केली. मजा वाटली. पाच तारे दिले आणि चौकटीत लिहिलं, 'सुटसुटीत. आवडले.' उरलेली अक्षरं मी बँकेला सोडून दिली. मित्रांच्या पुस्तकांची परीक्षणंही मी आजवर अशीच लिहीत आलो आहे.

आज लिहितो आहे ते त्या अभिप्रायाचं शुद्धिपत्र समजावं.

समीक्षकानं आधी गुण सांगावेत, म्हणजे पुढचे दोष लोक ऐकून घेतात. तेव्हा गुण. घडी ही वस्तू मला तत्त्वतः मान्य आहे. घडी नसती तर आमच्या कपाटात दोन साड्या मावल्या असत्या आणि उरलेल्या आम्ही नेसून झोपलो असतो. आपली भाषाच घडीची चाहती आहे. संसाराची घडी बसते, कामाची घडी बसते आणि नवं लुगडं नेसायचं म्हणजे त्याची घडी मोडायची, तीही कौतुकानं. बासष्ट ओळींच्या जागी सात मथळे दिसले की माणसाला हायसं वाटतं, हे खरंच आहे. यादीचा आकार छोटा झाला की काम छोटं झाल्याचा भास होतो. हा भास निर्माण करणं ही कोणत्याही कार्यालयाची पहिली गरज असते.

आता दोष. पहिला दोष चिन्हांचा. प्रत्येक मथळ्याशेजारी अधिकचं चिन्ह होतं. घडी उघडली की त्याचं उणे होई. संगणकाच्या जगात हे चिन्ह घरचं आहे. १९९५ च्या विंडोजपासून कप्प्यांच्या नावांशेजारी अशाच अधिक-उण्याच्या चौकटी लोक पाहत आले. ॲपलनं त्याआधी, १९९१ मध्ये, एक छोटा त्रिकोण बसवला होता. मिटलेला असला की तो आडवा पाहतो, उघडला की खाली पाहतो. पण बँकेत अधिक म्हणजे जमा आणि उणे म्हणजे नावे! आमच्या एका ज्येष्ठ ग्राहकानं 'बचत खाते' हा मथळा उघडला, शेजारी उणे उमटलेलं पाहिलं आणि किती रुपये वजा झाले हे विचारायला तो पासबुक घेऊन धावत आला. त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्हीच त्याला तीस वर्षं हे चिन्ह वाचायला शिकवलं होतं.

दुसरा दोष स्वभावाचा. एक घडी उघडली की आधी उघडलेली दुसरी घडी आपोआप मिटे. 'मुदत ठेव' आणि 'आवर्ती ठेव' यांचे दर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार. पण एक उघडावं तर दुसरी रुसून आत जाई. शिवाय वरची घडी मिटली की खालचा सगळा मजकूर एकदम वर सरके आणि आपण वाचत होतो ती ओळ कुठल्या कुठे निघून जाई. लोकलमध्ये डुलकी लागावी आणि डोळे उघडले तर आपलं स्टेशन मागे गेलेलं असावं, तसा प्रकार. "असं का?" म्हणून मी विचारलं. मुलगा म्हणाला, "सर, नीट दिसतं." नीट दिसतं यात शंकाच नव्हती. माझ्या लहानपणी पाहुणे आले की आम्हा भावंडांना आतल्या खोलीत पाठवून बाहेरची खोली अशीच नीट दिसत असे.

तिसरा दोष कागदाचा. बँक म्हटली की छापील प्रत आलीच. साहेबांनी सूचनाफलकावर लावण्यासाठी त्या पानाची प्रत काढायला सांगितली. यंत्रातून एक मोठा पांढराशुभ्र कागद बाहेर आला आणि त्यावर सात ओळी. घडीत मिटलेला मजकूर छापलाच जात नाही. साहेबांनी कागद उजेडात धरला, मागची बाजू पाहिली आणि शाई संपली का म्हणून विचारलं. शेवटी तोच कागद फलकावर लागला. चार दिवसांत त्याच्याखाली कोणीतरी पेनानं लिहिलं, 'बाकीचे समजून घ्यावे.'

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. चौथा दोष मात्र तसा नव्हता, आणि तो मला दिसला नाही. तो ऐकू आला, तोही दुसऱ्याला.

आमच्या शाखेत एक सहकारी आहेत. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली संगणकात असते, तिच्या आधारानं ते काम करतात आणि आमच्यातल्या डोळस माणसांपेक्षा त्यांच्या चुका कमी असतात. त्यांनी नवी यादी लावली. संगणकानं सात मथळे वाचून दाखवले आणि तो गप्प बसला. ते थोडा वेळ थांबले. मग मला म्हणाले, "बँकेनं पंचावन्न सेवा बंद केल्या का हो?"

"नाही हो, आत आहेत. घडी उघडायची."

"उघडायची असं मला कोणी सांगितलं? आणि कशानं उघडू? मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या." ते हसत म्हणाले, "तुम्हाला दारं दिसतात. मला सात भिंती ऐकू आल्या."

झालं होतं असं, की मुलानं मथळे नुसत्या मजकुराचे केले होते. माउसनं टिचकी मारली तर ते उघडत, पण कळफलकाला ते जुमानत नव्हते, आणि आपण मिटलेले आहोत की उघडे हे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला सांगत नव्हते. यात वाईट याचंच वाटतं, की या गोष्टीसाठी काही शोध लावायचा नव्हता. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये घडीचे तयार शब्द आहेत, 'डिटेल्स' आणि 'समरी'. म्हणजे तपशील आणि सारांश. ते वापरले की कळफलकानं उघडणं आणि उघडं-मिटलेलं सांगणं ही कामं ब्राउझर स्वतः करतो. क्रोमला हे शब्द २०११ पासून कळतात, फायरफॉक्सला २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या एजला २०२० पासून. आमच्या मुलानं तयार पोळपाट असताना ताट पालथं घालून पोळी लाटली होती. पोळी झाली. गोलही झाली. पण ताट हललं की हलत होती.

या घडीचं मूळ शोधावं म्हणून मी थोडं वाचन केलं आणि एका जुन्या चित्रीकरणाशी जाऊन पोचलो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकानं संगणकतज्ज्ञांच्या भरलेल्या सभागृहात सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक केलं. माउस दाखवला, दूर बसलेल्या सहकाऱ्याशी पडद्यावरून संवाद साधला, एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारून दाखवली. त्या प्रात्यक्षिकाला लोक पुढे सगळ्या प्रात्यक्षिकांची आई म्हणू लागले. आणि याच माणसानं पडद्यावर यादी म्हणून काय घेतलं असेल? क्षेपणास्त्रांची नव्हे, ग्रहताऱ्यांची नव्हे. बाजारातून आणायच्या सामानाची! ते सामान त्यानं गटागटांत लावलं, मग आतले जिन्नस झाकून नुसते गटांचे मथळे दाखवले आणि पुन्हा उघडून जिन्नस दाखवले. मी ते दृश्य दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, "यात काय? हे तर माझंच काम आहे." आणि चहा ठेवायला निघून गेली.

तिच्या बोलण्यात मोठं मर्म होतं. एंगलबार्टनं घडी घातली ती स्वतः लावलेल्या यादीला. आत काय आहे हे त्याला पाठ होतं. ज्याची यादी त्याची घडी, तोवर सगळं सुरळीत चालतं. पण घडी घालणारा एक आणि उलगडणारा दुसरा झाला की भाजणी घरी येत नाही. आमच्या बँकेच्या यादीचे सात गट कोणी केले होते? मुख्य कार्यालयात जितके विभाग, तितके गट. कुठली सेवा कुठल्या विभागाच्या अखत्यारीत येते हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक. ग्राहकाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही आणि त्यानं ते शिकावं अशी अपेक्षा धरणं हा उर्मटपणा. सातवा गट होता 'इतर सेवा'. बासष्टांपैकी एकोणीस ओळी त्यात कोंबलेल्या. 'इतर' म्हणजे घरातला माळा. कुठे ठेवावं ते सुचलं नाही की टाक माळ्यावर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही, पण इथे ती कामाला येते. आमच्या शास्त्रानं घडीचा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. बँकेचा ताळेबंद पाहा. बँकिंग नियमन कायदा १९४९ चा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या नमुन्याप्रमाणे अख्खी बँक एका पानावर मावते. ठेवी, एक ओळ. कर्जं, एक ओळ. लाखो माणसांच्या आयुष्यभराच्या पुंजीची घडी एका ओळीत! पण त्या ओळीसमोर अनुसूचीचा क्रमांक असतो, ठेवींसाठी तीन, कर्जांसाठी नऊ, आणि त्यापुढे रक्कम असते. ताळेबंदातही 'इतर देणी आणि तरतुदी' अशी ओळ आहे. 'इतर' आम्हालाही चुकलेलं नाही. पण त्याच्यापुढेही अनुसूची पाच आणि पै-पैचा आकडा असतो. आत किती झाकलंय आणि ते कुठे उघडायचं, हे सांगितल्याखेरीज आम्हाला घडी घालायची परवानगीच नाही. जुन्या खतावणीतसुद्धा पान संपलं की बेरीज 'पुढे नेली' असं लिहावं लागे. नुसतं पान उलटून मोकळं होणाऱ्या कारकुनाला शिपाईसुद्धा चहा आणून देत नसे.

हे सगळं शहाणपण मला सुचलं ते जानेवारीत. सप्टेंबरात पाच तारे देताना यातलं काहीही सुचलेलं नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर गर्दीच्या वेळी, काठी टेकत एक गृहस्थ माझ्या काउंटरशी आले. सोबत रिक्षावाला होता. त्यानं दंडाला धरलं होतं. मी मान वर करून पाहिलं आणि ताडकन उभा राहिलो. आमचे गुरुजी! सातवीला मराठी शिकवायचे. वय वर्षं चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेले.

"गुरुजी, आपण कशाला आलात?"

"मी जिवंत आहे हे सांगायला," गुरुजी म्हणाले.

डिसेंबरची पेन्शन जमा झाली नव्हती. पेन्शनरानं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन थांबते, हे त्यांना पाठ होतं. दर वर्षी ते स्वतः येऊन देत. यंदा जिना उतरणंच जमेना. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावाचा डिजिटल मार्ग आहे. त्यासाठी कोणीतरी यंत्र घेऊन घरी आलंही होतं, पण अंगठ्याच्या रेषा खडूनं केव्हाच पुसून नेल्या होत्या. यंत्रानं गुरुजींना ओळखलं नाही. राहता राहिली बँकेची घरपोच सेवा. सत्तरीपुढच्या माणसांना ती द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. आमची बँक ती देते. आमच्या यादीत ती आहे.

गुरुजींची मुलगी परगावी असते. तिनं नोव्हेंबरात रात्री जागून आमचं ॲप्लिकेशन उघडलं. सात मथळे पाहिले. 'निवृत्तिवेतन' हा मथळा उघडला. त्यात नवीन पेन्शन खाते होतं, पेन्शन कर्ज होतं, हयातीचा दाखला नव्हता. मग तिनं, शिकलेली मुलगी, ब्राउझरला सगळ्या पानावर 'हयात' हा शब्द शोधायला सांगितलं. ब्राउझर म्हणाला, शून्य. कारण आमच्यासारख्या घडीत मिटलेला मजकूर ब्राउझरच्या लेखी पानावर नसतोच. बँकेत ही सोय नाही असं तिनं वडिलांना कळवलं आणि गुरुजींनी ते मान्य केलं. सोय होती. 'इतर सेवा'त, त्यातल्या 'घोषणापत्रे व प्रमाणपत्रे' या घडीतल्या घडीत, चौथ्या ओळीवर.

डिसेंबरअखेरीला गुरुजींनी दूधवाल्याला पुढच्या महिन्याचा वायदा केला आणि एक औषध अर्धं घ्यायला सुरुवात केली. हे त्यांनी सांगितलं नाही. रिक्षावाल्यानं सांगितलं. तो त्यांच्याच चाळीत राहतो.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दाखल्याचा फॉर्म स्वतः भरला. पेन्शन पुढे थकबाकीसकट जमा झाली, त्यात काही बुडालं नाही. पण त्या दिवशी, शाई वाळेपर्यंत, मी त्यांना पडद्यावर ती यादी दाखवली. का दाखवली कोण जाणे. कदाचित कबुली द्यायची असेल. गुरुजींनी चष्मा सरसावला आणि सातही मथळे सावकाश वाचले.

"काय रे, उतारा देऊन खाली 'योग्य शीर्षक द्या' असा प्रश्न असायचा, आठवतं?"

"आठवतं ना."

"किती गुणांना?"

"दोन."

"त्या प्रश्नाला तू 'इतर' असं उत्तर लिहिलं असतंस, तर मी काय दिलं असतं?"

"शून्य, गुरुजी."

"इथे किती दिलेस?"

मी पाच तारे दिले होते हे त्यांना ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी सहज विचारलं होतं. पण कान पिळल्यासारखा मी लाल झालो.

त्याच संध्याकाळी मी संगणक विभागातल्या मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, दोन दिवस द्या." दोन दिवसांत त्यानं मथळ्यांना खरी बटणं केली. एकाच वेळी हव्या तितक्या घड्या उघड्या राहू लागल्या. छापताना सगळ्या उघडून छापल्या जाऊ लागल्या. अधिक-उणे जाऊन बाण आले. मजकूर ब्राउझरच्या शोधात सापडेल अशी व्यवस्था झाली. 'डिटेल्स'मधला मिटलेला मजकूर क्रोम २०२२ पासून शोधतो आणि सापडला की घडी आपण होऊन उघडतो. 'इतर सेवा' मोडीत निघाली. प्रत्येक मथळ्यापुढे कंसात आतल्या ओळींची संख्या आली. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हयातीचा दाखला सगळ्या घड्यांच्या बाहेर, अगदी वर, ठळक अक्षरांत ठेवायचं ठरलं. आमच्या सहकाऱ्यांनी नवी यादी कानांनी तपासली आणि म्हणाले, "आता दारांना कड्या बसल्या."

मला राहवलं नाही. मी मुलाला विचारलं, "काय रे, दोन दिवसांचं काम होतं. मग आधीच का नाही केलंस?"

तो अगदी सरळपणे म्हणाला, "सर, करायचं मनात होतं. पण चाचणीत कोणीच काही बोललं नाही. तुमच्या शाखेनं तर पाच तारे दिले होते."

तेव्हा वाचकहो, घडी वाईट नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तेही खोटं नाही. फक्त मूठ आपली आणि सव्वा लाख दुसऱ्याचे असले, तर झाकण्याआधी त्याला एकदा दाखवून घ्यावेत.

यंदाच्या दिवाळीत हिनं नेहमीप्रमाणे यादी केली, चार घड्या घातल्या आणि कागद माझ्या खिशात घातला. दुकानात मी तो बाहेर काढला, तर वरच्या घडीवरच ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'एकूण जिन्नस २३. मोजून आणा.' ताळेबंदाचं तत्त्व हिला कोणी शिकवलं देव जाणे. मी सगळ्या घड्या उलगडल्या, सामान घेतलं आणि पिशव्या उचलण्याआधी दुकानातच मोजलं. बावीस भरले.

तेविसावा कापूर होता. वाण्याच्या पायरीवरूनच परत फिरलो.